मृत्युंजयानंतर

उज्जयिनीस जाणाऱ्या यात्रेकरूंत एक वर्ग असा असतो, की ज्याच्या यात्रेमागे केवळ पुण्यसंचयाची इच्छा नसते. एक ऋण फेडावयाचे असते. घरातला कर्ता माणूस अत्यवस्थ होऊन इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात पडतो, कृत्रिम श्वसनयंत्राची नळी त्याच्या घशात जाते, ‘अठ्ठेचाळीस तास काही सांगता येणार नाही’ एवढे बोलून डॉक्टर आत निघून जातात, आणि बाहेरच्या बाकावर बसलेली त्याची आई किंवा पत्नी हात जोडते. आपल्याकडची मंडळी प्रथम मंगेशीला, शांतादुर्गेला, म्हाळसेला गाऱ्हाणे घालतात. आणि तेवढ्याने मनाचे समाधान झाले नाही, तर अवंतिकेच्या महाकालापुढे महामृत्युंजयाचा जप बोलतात. काळाचाच जो स्वामी, त्याच्याकडे काळाची मुदत वाढवून मागावयाची, ही कल्पना फार जुनी आहे आणि आमच्या मते फार सुंदरही आहे.

या देवस्थानाशी आपल्या किनारपट्टीचे नातेही आजचे नव्हे. उद्ध्वस्त झालेले महाकालाचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या पुढाकाराने. तेव्हा मुंबईहून रात्री अवंतिका एक्स्प्रेसने निघून सकाळी उज्जैनला उतरणारा गोमंतकीय भाविक तेथे परका नसतो. परका असतो तो त्याच्या सोबतीला आणलेला माणूस. ज्याच्यासाठी नवस बोलला गेला, तोच. तो वाचला आहे. त्याचे फुप्फुस स्वच्छ झाले आहे, मूत्रपिंडे काम करीत आहेत, रक्ताचे अहवाल ठाकठीक आहेत. पण महाकालाचे गर्भगृह भूमीच्या पातळीखाली आहे, आणि शिप्रेचा रामघाट म्हणजे तर पायऱ्यांचाच विस्तार. पहिल्या दोन पायऱ्या उतरताना त्याचे गुडघे लटपटतात. उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढवत नाहीत. दोघांनी दोन्ही काखांत हात घालून त्याला उचलावे लागते. बरोबरचे लोक म्हणतात, ‘अजून अशक्तपणा आहे हो थोडा.’ आणि तो मनात ओशाळतो. कारण इस्पितळातून सुटून त्याला चार महिने झालेले असतात.

या ‘थोड्या अशक्तपणा’विषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. कारण हा अशक्तपणा थोडा नसतो, आणि तो केवळ अशक्तपणाही नसतो. तो एक स्वतंत्र विकार आहे. अतिदक्षता विभागात दाखल होताना तो रोग्याजवळ नव्हता. तेथे असतानाच तो त्याला जडला. वैद्यकशास्त्रात त्याला नाव आहे, त्याची मोजणी आहे, त्यावर गेली चाळीस वर्षे संशोधन चालू आहे. फक्त आपल्याकडे घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदावर त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

अंगावरचे मांस दुखण्यात झडते, हे कोणाही आजीला ठाऊक आहे. जंतूंचे विष रक्तात भिनलेल्या रोग्यांची काया किती झपाट्याने वितळते, याची नोंद विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्यानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करून ठेविली होती. परंतु असे रोगी तेव्हा बहुधा मरत. मांस झडलेला माणूस पुढे जगला तर त्याचे काय होते, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला १९५२ नंतर. त्या वर्षी डेन्मार्कच्या कोपेनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले गुदमरून दगावू लागली, तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून पिशवीने हवा भरण्याची युक्ती योजिली. यंत्रे नव्हतीच, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, दिवस नाही रात्र नाही, आपल्या हातांनी पिशव्या दाबीत त्या मुलांना श्वास देत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म त्या खोल्यांत झाला. माणूस मरणाच्या दारातून परत आणता येतो, हे तेथे सिद्ध झाले. आणि परत आलेला माणूस कोणत्या अवस्थेत येतो, हा नवा प्रश्नही तेथूनच सुरू झाला.

उज्जैनशी जोडलेले एक मराठी नाव येथे आठवल्याशिवाय राहत नाही. हिंदीतले थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध मराठी घराण्यातले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे तर मराठीचेच कवी व कादंबरीकार. वडील पोलीस खात्यात, आणि गजाननरावांचे तारुण्याचे शिक्षण उज्जैनच्या माधव कॉलेजात झालेले. १९६४ च्या फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या हमीदिया इस्पितळात उपचार झाले; पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांना हलविण्यात आले. मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली होती. बेशुद्धावस्थेतच ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या अंत्ययात्रेत अनवाणी चाललेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी पुढे पायांत जोडा घातला नाही, असे सांगतात. मुक्तिबोधांच्या त्या सात महिन्यांचा विचार करताना आमच्या मनात नेहमी येते, की आजच्या साधनांनी ते कदाचित वाचले असते; पण सात महिने निजून राहिलेला तो कृश देह उठून पुन्हा लिहावयास बसला असता काय? लेखणी धरण्यासही स्नायू लागतात.

आता हे होते कसे, ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी, की माणूस पडून राहिला म्हणून स्नायू झिजतात. ती समजूत खोटी नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस बिछान्यात ठेवले. त्यांना कसलाही आजार नव्हता, जेवण वेळेवर होते. तरी त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस त्या दहा दिवसांत नाहीसे झाले. निव्वळ स्वस्थ पडण्याची ही किंमत. पण अतिदक्षता विभागातील रोगी नुसता पडलेला नसतो. त्याच्या रक्तात जंतू आणि त्यांविरुद्ध शरीराने उभारलेला दाह यांचे युद्ध चालू असते. युद्धाला रसद लागते, आणि प्रथिनांची रसद शरीराजवळ एकाच कोठारात आहे: स्नायूंत. दंड, मांड्या, बरगड्या यांतले मांस मोडून त्याची अमिनो आम्ले यकृताकडे आणि जखमेकडे धाडली जातात. वेढा पडलेल्या किल्ल्यात माणसे शेवटी घरांच्या तुळया चुलीत घालतात, तसाच हा प्रकार आहे. त्यातच उरलेल्या स्नायूपेशींतील ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा बिघडते. हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची टोकेही होरपळतात. म्हणजे तुळया गेल्या, आणि घंटेची दोरीही तुटली. मेंदू ‘उचल’ म्हणून आज्ञा देतो, ती पायापर्यंत नीट पोचत नाही. आणि पोचली तरी पाळणारे मनुष्यबळ तेथे उरलेले नसते.

मज्जातंतूंची ही बाधा कॅनडातील चार्ल्स बोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रथम नीट वर्णन करून सांगितली. त्यांच्यापुढे पाच रोगी होते. मूळ आजार आटोक्यात आला असूनही त्यांचे श्वसनयंत्र काढता येईना आणि हातपाय हलेनात. फुप्फुसे बरी होती. फुप्फुसांना हलविणारा भाता दुबळा झाला होता. तो भाता किती त्वरेने दुबळा होतो, हे पुढे २००८ साली कळले. मेंदू मृत झालेल्या अवयवदात्यांच्या श्वासपटलाची तपासणी केली असता, यंत्रावर अठरा ते एकोणसत्तर तास काढलेल्या त्या देहांत श्वासपटलाच्या तंतूंची जाडी निम्म्याहून अधिक घटलेली आढळली. तीन दिवससुद्धा नव्हेत! ज्या यंत्राने श्वास दिला, त्याच यंत्राने श्वास घेणाऱ्या स्नायूची सवय मोडली. यंत्राला दोष द्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्यावाचून तो माणूस पहिल्याच रात्री गेला असता. पण यंत्र लागते तेव्हापासूनच ते काढण्याचा विचार सुरू व्हावयास हवा, तो का, हे यावरून ध्यानी येईल.

लंडनमध्ये त्रेसष्ट अत्यवस्थ रोग्यांच्या मांडीच्या स्नायूंची ठरावीक दिवसांच्या अंतराने मापे घेतली गेली; २०१३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहाव्या दिवशी स्नायूची जाडी सरासरीने सुमारे अठरा टक्क्यांनी कमी झालेली होती, आणि ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते त्यांची हानी याहूनही मोठी होती. शंभरातील अठरा भाग मांडी दहा दिवसांत! माणूस जिना का चढू शकत नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. जिना चढावयाचा तो मांडीच्या याच पुढच्या स्नायूवर.

आणि हे नुकसान भरून येण्यास किती काळ लागतो? कॅनडातील टोरोंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी तीव्र श्वसनरोगातून वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा केला. त्यांत म्हाताऱ्यांचाच भरणा होता असे कोणी समजू नये. त्यांचे मध्यम वय पंचेचाळीस होते. वर्षभरानंतरही, सहा मिनिटांत त्यांच्या वयाच्या माणसाने जेवढे अंतर चालावे, त्याच्या दोनतृतीयांशच ते चालू शकत होते. जवळजवळ निम्मी माणसे कामावर परतलेली नव्हती. पाच वर्षांनंतरही चालण्यातला तो फरक पुरता भरून आला नव्हता. फुप्फुसाच्या तपासण्या मात्र बहुतेकांच्या चांगल्या येत होत्या. म्हणूनच आम्ही म्हणतो, की घरी आलेल्या माणसाला ‘रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत, मग उठत का नाहीस?’ असे जे विचारले जाते, ते अज्ञानमूलक आहे. आणि निष्ठुरही आहे. कित्येक घरांत त्याला ढोंग म्हणतात, आळस म्हणतात. रिक्षा चालविणारा, होडीवर जाणारा, काजूच्या बागेत राबणारा माणूस आपल्या हातून क्लच दाबला जात नाही म्हणून घरात बसतो, आणि वर्षाकाठी घराचे कर्ज थकते. रोगाने त्याचा जीव घेतला नाही, हे खरे. पण त्याचा व्यवसाय घेतला.

२०२० आणि २०२१ या वर्षांनी हा विकार घरोघरी आणून पोचविला. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण ज्या शहरांत देशात सर्वाधिक होते, त्यांत उज्जैनचे नाव अग्रभागी होते. मे २०२१ मधील आपल्याकडच्या रात्री तर कोणताही गोमंतकीय विसरलेला नाही. त्या काळात रोगी पालथे निजवून, गुंगी देऊन, प्रसंगी स्नायू लुळे करणारी औषधे देऊन, आठवडेच्या आठवडे यंत्रावर ठेवावे लागले. जीव वाचविणारे स्टिरॉइडही स्नायूंना पोखरते, हेही त्यात आलेच. मृतांची गणना झाली. तिच्या खरेखोटेपणावर वादही झाले. जे वाचले, त्यांपैकी किती जण पूर्ववत चालू लागले, याची गणना मात्र कोणत्याही सरकारने केल्याचे आमच्या वाचनात नाही.

याच उज्जैनात २५ मार्च २०२४ रोजी, धूळवडीच्या पहाटे, भस्मारतीच्या वेळी गुलाल उधळला जात असता गर्भगृहात भडका उडाला आणि पुजारी व सेवक मिळून चौदा जण होरपळले. काहींना इंदूरला हलवावे लागले. एका वयोवृद्ध सेवकाचे पुढे एप्रिलमध्ये मुंबईत उपचार चालू असताना निधन झाले. भाजलेल्या रोग्याविषयी एक गोष्ट सामान्य वाचकास ठाऊक नसते. कातडीचा मोठा भाग जळाला, की शरीरातील चयापचय असा काही भडकतो, की कातडी भरून आल्यानंतरही महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, स्नायू झिजतच राहतात. बाहेरची आग पाच मिनिटांत विझते. आतली विझत नाही.

मग करावयाचे काय? येथे आम्ही कोणा नव्या महागड्या यंत्राची मागणी करणार आहोत, असे वाचकांस वाटले असेल तर ते चुकीचे आहे. या विकाराचे निदान करण्यास यंत्र लागतच नाही. शुद्धीवर आलेल्या रोग्याला खांदा उचलावयास सांगावयाचे, कोपर वाकवावयास, मनगट वर करावयास, मांडी उचलावयास, गुडघा ताणावयास, पाऊल वर ओढावयास. दोन्ही बाजू मिळून बारा हालचाली, प्रत्येकीला शून्य ते पाच गुण, एकूण साठ. बेरीज अठ्ठेचाळिसांच्या खाली गेली, की विकार आहे असे समजावयाचे. पाच-दहा मिनिटांचे काम, आणि एक प्रशिक्षित माणूस. एवढी परीक्षा प्रत्येक अतिदक्षता विभागात रोज झाली, आणि तिचा आकडा रोग्याच्या कागदावर नाडी व रक्तदाब यांच्या शेजारी मांडला गेला, तर निम्मे काम झाले; कारण जे मोजले जाते त्याकडेच लक्ष जाते.

प्रतिबंधाचा मार्गही साधा आहे, पण सोपा नाही. २००९ साली शिकागो व आयोवा येथील दोन इस्पितळांत १०४ रोग्यांवर एक प्रयोग झाला. दोन्ही गटांची गुंगीची औषधे रोज थोडा वेळ थांबविली जात. एका गटाला त्या जागेपणी, यंत्र लागलेले असतानाच, हातापायांचा व्यायाम, खाटेच्या कडेला बसणे, उभे राहणे, केस विंचरणे अशी कामे करविली. घरी जाताना स्वतःचे सर्व व्यवहार स्वतः करू शकणारे त्या गटात शंभरात एकोणसाठ निघाले, दुसऱ्यात पस्तीस. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी गुंगी उतरवावयाची म्हटले, की पहिला प्रश्न येतो, ‘लक्ष कोण ठेवणार?’ परिचारिका अपुऱ्या. रोग्याने नळी उपसू नये म्हणून त्याचे हात खाटेला बांधले जातात. हात बांधण्यापेक्षा झोपवून ठेवणे बरे, म्हणून गुंगी चालू राहते. आणि गुंगीत पडलेला देह झिजत राहतो. दोष कोणा एका परिचारिकेचा नव्हे. चार रोग्यांमागे एकटी राबणारी मुलगी पाचव्याला उभे कशी करणार?

अतिउत्साहालाही येथे जागा नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. २०२२ साली ७५० रोग्यांवरील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात, नेहमीच्याहून अधिक आणि अधिक लवकर चालविण्या-हलविण्याने रोग्यांचा विशेष लाभ झाला नाही, उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब ढळणे असे प्रकार वाढले, असे दिसून आले. काही मंडळी यावरून ‘व्यायामाचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळी झाली. तो घाईचा आहे. त्या प्रयोगातल्या दुसऱ्या गटालाही रोजची सर्वसाधारण हालचाल मिळतच होती. प्रश्न ‘साधारण’ आणि ‘अधिक’ यांतला होता. आपल्या बहुसंख्य खाटांपुढचा प्रश्न ‘काही नाही’ आणि ‘काहीतरी’ यांतला आहे.

आता घरच्या स्वयंपाकघराकडे वळू. कारण इस्पितळाइतकाच अपराध तेथेही घडतो, आणि तो प्रेमापोटी घडतो. आजारी माणूस घरी आला, की आपल्याकडे चुलीवर पेज चढते. ऊन पेज, मिठाचा खडा, फार तर तोंडी लावावयास भाजलेला पापड. मासळी बंद, अंडे बंद, डाळ ‘जड’ म्हणून बंद. महिना महिना हे पथ्य चालते. पेजेची थोरवी आम्ही नाकारीत नाही. तापातल्या पोटाला तिच्याइतके सौम्य अन्न नाही. पण तिच्यात आहे ते बहुतांशी पाणी आणि भाताचे सत्त्व. गेलेले मांस त्यातून परत यावयाचे नाही. गंमत अशी, की ज्या आयुर्वेदाच्या नावाने हे पथ्य चालविले जाते, त्या आयुर्वेदाने असे सांगितलेलेच नाही. शोधनानंतर क्षीण झालेल्या अग्नीला पुन्हा सावरण्यासाठी संसर्जनक्रम सांगितला आहे: आधी पेया, मग विलेपी, मग डाळीचे यूष, आणि शेवटी मांसरस. चरकसंहितेत लंघन आणि बृंहण या दोन्ही उपचारांचा एकाच अध्यायात विचार केला आहे; कोणाला काय द्यावे याचा विवेक तेथे आहे. पेज ही जिन्याची पहिली पायरी होती. आपण तिच्यावरच बिछाना टाकला!

आणि पाहा, हेच घर बाळंतिणीच्या बाबतीत किती शहाणे असते. तिला शेक आहे, तेल लावणारी बाई आहे, आळीव आहे, डिंकाचे लाडू आहेत, मासे खाणाऱ्या घरांत मोरीचे कालवण आहे. सव्वा महिना तिने काय खावे, कधी उठावे, काय उचलू नये, याची अलिखित संहिता प्रत्येक म्हातारीला पाठ असते. देहावरून एक मोठे संकट गेले आहे, तो पुन्हा बांधून काढावयास हवा, ही जाणीव त्यामागे असते. वीस दिवस यंत्रावर काढून आलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र यांतले काहीच येत नाही. त्याला खाटेवर निजवून ‘विश्रांती घे’ एवढेच सांगितले जाते, आणि विश्रांतीनेच तर त्याचा घात केलेला असतो. मुगाचे वरण, दही, पनीर, अंडे, बांगडा. ज्याच्या घरात जे चालते ते, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांस विचारूनच. प्रथिनांचा अतिरेकही करू नये. अत्यवस्थ रोग्यांना मात्रेच्या दुप्पट प्रथिने देऊन लाभ होत नाही, मूत्रपिंडे दुखावलेल्यांना त्याचा अपायच होण्याचा संभव असतो, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात आढळले. आणि अन्नाबरोबर हालचाल हवी. नुसत्या खाण्याने चरबी वाढते, मांस नव्हे. खुर्चीतून हात न टेकता उठावयाचे आणि बसावयाचे. पहिल्या दिवशी दोनदा जमले तर दुसऱ्या आठवड्यात पाचदा. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे कोणी तरी शिकवावे लागते, आणि चुकल्यास सावरावे लागते. ते काम भौतिकोपचारतज्ज्ञाचे.

येथे सरकारचा संबंध येतो. आयुष्मान भारत योजनेने गरिबाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांचे संरक्षण दिले, ही मोठी गोष्ट झाली. तिचे मोल कमी लेखण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याचा खर्च तीत पंधरा दिवसांपुरता धरला आहे. पंधरा दिवसांत तर रोगी खाटेच्या कडेला बसावयास शिकतो. ज्या दुखण्यातून सावरावयास वर्ष लागते, त्याच्या वाट्याला पंधरवडा! लाखो रुपये खर्चून जीव वाचवावयाचा आणि पुढच्या काही हजारांसाठी त्याला आयुष्यभर परावलंबी करावयाचे, हा हिशेब कोणत्याही घरातल्या कारभारणीला पटणार नाही. आठवड्यातून दोन वेळा, सहा महिने, भौतिकोपचारतज्ज्ञाची भेट. एवढे जरी या योजनेत आणि राज्यांच्या आपापल्या योजनांत सामील झाले, तरी हजारो माणसे कामावर परततील. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला. भौतिकोपचारतज्ज्ञांना त्यात स्थान मिळाले. कायद्याने प्रतिष्ठा दिली. अतिदक्षता विभागात त्यांच्यासाठी मंजूर जागा निर्माण करणे हे राज्यांच्या हाती आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात, जेथे कोणतेही गाव बांबोळीपासून काही तासांच्या आत आहे, तेथे अतिदक्षता विभागातून सुटलेल्या प्रत्येक रोग्याला तीन महिन्यांनी बोलावून चालवून पाहणे अशक्य आहे काय? १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या भूमीने हे आधी करावे, अशी अपेक्षा बाळगली तर ती वावगी ठरू नये.

उज्जैनपुढे तर संधी चालून आली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या हस्ते तेथे मेडिसिटी व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे भूमिपूजन झाले. खर्चाचा अंदाज सुमारे ५९२ कोटी रुपयांचा. यादव स्वतः उज्जैनचे. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांवर जो पैसा खर्च व्हावयाचा आहे, तो वेगळाच. सिंहस्थाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करताना उष्माघात, चेंगराचेंगरी, पटकी यांचा विचार होतो आणि तो व्हावयासच हवा. कोट्यवधी माणसे एका नदीकाठी जमणार, त्यांत काही शेकडा अतिदक्षता विभागात जाणार, आणि वाचलेल्यांना रेल्वेत बसवून त्यांच्या त्यांच्या गावी रवाना केले जाणार. त्यांतले काही आपल्या कोकणातले, काही गोव्यातले असतील. त्यांच्या हाती जो कागद दिला जाईल, त्यावर औषधांच्या नावांखाली चार ओळी अधिक असाव्यात: साठांपैकी किती गुण, रोज कोणता व्यायाम, आहारात प्रथिने किती, आणि गावाकडे कोणाला दाखवावयाचे. ते त्या माणसाच्या मातृभाषेत छापलेले असावे.

मेडिसिटीच्या इमारतीत अतिदक्षता विभाग असेल, यात शंका नाही. त्याच्या शेजारी एक मोठी, उजेडाची खोली राखून ठेवता येईल, असे आम्ही सुचवितो. तिच्यात दोन समांतर कठडे, चार भक्कम खुर्च्या, एक आरसा, आणि पाच पायऱ्यांचा एक लाकडी जिना असावा. शिप्रेच्या घाटाची पायरी जेवढी उंच आहे, तेवढीच त्या जिन्याची पायरी ठेवावी.